पहिल्याच प्रश्नावर तीन तास

माहं माहेर पवनीचं, सासर हे आंधळगाव, अन् दोन्ही घरी माग, म्हंजे जन्मल्यापासून कानात तोच खटक-खटक आवाज. माहा बाप कोशाचं, म्हंजे टसर रेशमाचं कापड विनत जाय, माय कांड्यावर दोरा भरत जाय, अन् मी दहावी झाली तसं बापानं मले मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसवलं, म्हनला बस झालं मंदा, बाईमानसाले दहावी काय कमी हाय का. एकोनीसाव्या वर्षी लग्न झालं, इथं आली, तं इथंबी माग तयारच होता, फक्त खड्डा जरा जास्त खोल, कारन माही सासू उंच हाय. आता माहं वय पंचेचाळीसच्या वर धरा, एक पोरगी, तिचं लग्न झालं, ती साकोलीले राहते. अन् मी बी.ए. पास हाय. हसू नोका मॅडम, मले अजूनबी हे बोललं का हसू येते, म्हनून दिवसातून दोनदा बोलतो.

तुम्ही म्हनलं का कॉलेजात नवे पोट्टे-पोट्टी येऊन राहिले, त्याइच्यासाठी दोन शब्द सांगा, मी मोबाईलवर घेते अन् मंग लिहून काढते. आता काय सांगू तुमाले, अन् त्याइले तं काय सांगू, ते माह्यापेक्षा दसपट हुशार हायत. पन एक चूक हाय जे मी केली अन् त्याइच्यातल्या कोनी अजून केली नसन, तेवढी मोठी. तेच सांगतो. मधात मी इकडं-तिकडं गेली तं टोकजा.

शिकाचं डोक्यात कसं आलं ते पहिले आयका. नागपूरले एक प्रदर्शन होतं, तिथं आमाले मागासकट बसवलं होतं, म्हंजे लोक पाहतात ना का साडी कशी विनते. बाजूले एक शिकलेली बाई माइक घेऊन सांगून राहिली होती, अन् बापा, अर्धं उलटं! तान्याले बाना म्हने अन् बान्याले ताना. मी हात वर केला, म्हनलं बाई, लांब असते तो ताना, धोट्यातून आडवा जाते तो बाना. तं ते मले गोड हासून म्हनते, ताई, तुम्ही विणत राहा. तुम्ही विणत राहा! माह्याच कामाबद्दल बोलून राहिली अन् मलेच चूप बसवून राहिली. लोकबी तिचंच आयकून राहिले, कारन माइक तिच्या हातात. माह्या अंगाचा असा तिळपापड झाला ना मॅडम, का परतीच्या बसमधीच मी आमच्या घरच्याइले म्हनलं, मी शिकतो. ते म्हनले, काय शिकतं? मी म्हनलं, जेवढं असन तेवढं.

आमच्या घरचे, म्हंजे माह्या पोरीचे बाबा, गरीब मानूस, हो म्हनत नाई अन् नाईबी म्हनत नाई, म्हनले बुढीले विचार. बुढी म्हंजे माही सासू, मी तिले आत्या म्हनतो, पन मागं बुढीच म्हनतो, तिलेबी मालूम हाय. सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी तं मी घरीच बसून काढली, पुस्तक मागाच्या आडव्या दांडीवर उभं ठेवाचं अन् एक डोळा त्याच्यात, एक डोळा काठावर. तेवढ्यानं बुढीचं काही बिघडत नव्हतं. पन बी.ए. म्हनलं का भंडाऱ्याले रोज जानं आलं. घरात दोन माग, एक घरच्याइचा, एक माहा, अन् माहा माग बंद पडला तं घर अर्ध्यावर आलं. बुढीनं दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता म्हनते, माह्या पाठीत एक सालाचा दम हाय. एक साल मी तुह्या मागावर बसतो, तू जा. पास झाली तं पुढचं पुढं पाहू. नापास झाली तं गुपचूप खड्ड्यात पाय टाकजो, मंग माह्यापुढं रडजो नोको. सदुसष्ट वर्साची बाई, मॅडम, मागावरून उतरून पाच साल झाले होते तिले. मी म्हनलं, पक्कं.

अॅडमिशनच्या वेळी तं नाकी नऊ आले. इतके साल काय करून राहिल्या होत्या म्हनून गॅपचं शपथपत्र मागतलं, मंग ते एबीसी आयडी का काय, त्याचा ओटीपी घरच्याइच्या मोबाईलवर, अन् ते गेले बाजारात, फोन उचलेच ना. पोट्टेहो, हे लिहून घ्या, पहिल्या दिवशी आपला नंबर अन् आपला मोबाईल आपल्याजवळ पाहजे. अन् पहिला दिवस! गेटवरचा मानूस म्हनला पालकाइनं तिकडं झाडाखाली बसाचं. मी बसली ना झाडाखाली! मले वाटलं नव्या लोकाइले असंच बसवत असन. अर्धा तास झाला, बाजूची बाई म्हनते, तुमचं पोरगं कोनत्या वर्गात हाय? तवा माही ट्यूब पेटली. मी म्हनलं अवो बाई, पोरगं नाई, मीच हाय, अन् पदर खोसून अशी पळाली ना, जसं काही बस सुटून राहिली. तं लाजाचं नाई. ज्याले काही समजत नाई त्यानं विचाराचं, मले झाडाखाली अर्धा तास कोनी जबरदस्तीनं नव्हतं बसवलं.

वर्गात माह्या बाजूले बसली ते प्राची. कोंढ्याची पोरगी, बाप धानाची शेती करते, भंडाऱ्याले रूम घेऊन राहे. कोंढा म्हंजे माह्या माहेराच्या वाटेवरचं गाव, तं मले एकदम आपली वाटली. पहिला आठवडा तिनं रडून काढला, घरची आठवन येते म्हने. मी म्हनलं, मले तं घरून सुटका भेटली म्हनून गानं सुचून राहिलं अन् तू काऊन रडून राहिली वं? डब्यात लाखोरीच्या डाळीचं वरन अन् भात नेत जाव मी, तिले अर्धा देत जाव, अन् ते मले पीडीएफ कशी उघडते ते शिकवत जाय. काकू, काकू करत मांगं-मांगं फिरे. अन् काय सांगू तुमाले मॅडम, काय दिवस होते ते! लायब्ररीत गेलं का पेपर फुकटात, पंखा फुकटात, कोनी म्हनत नाई उठ अन् भात टाक. समाजशास्त्राच्या सरानं एक दिवस शिकवता शिकवता गावातल्या कारागीर लोकाइचं सांगतलं, अन् पुस्तकात लिहिलेलं, विणकर. मी तो शब्द बोट ठेवून तीनदा वाचला. आमी पुस्तकात! घरी येऊन बुढीले दाखवलं, तिले वाचता येत नाई, पन तिनंबी त्याच्यावर बोट फिरवलं.

आता माही चूक आयका. आमच्या कामात एक गोष्ट लहानपनापासून हाडात घालतात. तार तुटली का हात थांबला पाहजे. तुटली तार पहिले शोधा, गाठ मारा, मंगच पुढचा धोटा फेका. तसंच पुढं विनलं तं खाली पूरी रेघ खराब होते. मी आठ-नऊ वर्साची असन, तुटल्या तारावर चार बोटं पुढं विनलं, तं मायनं माह्या हातावर फनीनं मारलं होतं. तो वळ गेला, पन सवय नाई गेली. वर्गात सर बोलून राहिले अन् एक शब्द सुटला का मी तिथंच, माहा पेन तिथंच, दिमाग तिथंच, अन् सर तिकडं दोन पानं पुढं. प्राची म्हने, काकू सोडा ना, मंग पाहू. मी म्हनो, सोडाचं कसं वं? आधी हे तं होऊ दे.

अन् मंग आली पहिल्या सेमिस्टरची परीक्षा. समाजशास्त्राचा पेपर, तीन तास. पेपर हातात आला, मी पूरा वाचला, अन् मनात असे लाडू फुटले मॅडम, सप्पा येत होतं! सप्पाच्या सप्पा, एकूनएक! पहिला प्रश्न होता, पाच वैशिष्ट्यं लिहा. एक लिहिलं, दोन लिहिलं, तीन लिहिलं, अन् चौथं... चौथं गेलं. होतं, आतावरी होतं, अन् गेलं. तुटली तार. झालं, माहा हात थांबला. मी आठवून राहिली, खिडकीतून पाहून राहिली, पानी पेली, पहिलं-दुसरं-तिसरं पुन्हा वाचलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, का चौथं तिकडून तरी येईन. घंटा झाली, एक तास. अजून एक घंटा झाली. बाजूचे पोट्टे पुरवन्या मांगून राहिले, अन् मी चौथ्यावर. दुसऱ्या प्रश्नावर जाव का नाई, हे माह्या मनातबी नाई आलं, आईशपथ, डोक्याले तो रस्ताच मालूम नव्हता. शेवटची घंटा झाली अन् बाईनं पेपर वढून घेतला. बाकीचे तीन प्रश्न मले तोंडपाठ होते मॅडम. तोंडपाठ! कोरे गेले.

निकाल लागला तं बाकीच्यात पास, समाजशास्त्रात नापास. त्याच्यापुढं इंग्रजीत काहीतरी लिहून होतं, एटीकेटी, मले वाटलं नापासाचंच मोठं नाव असन. कोनाले विचारलं नाई. प्राची दोन दिवसासाठी गावाले गेली होती. मी बसमधी बसली अन् आंधळगाव येईपर्यंत एकच, का बुढीचं अर्धं साल मातीत गेलं. ते तिथं पाठ वाकवून बसून राहिली, तिच्या गुडघ्याले मी रोज तेल लावून राहिली, अन् मी इकडं एका प्रश्नावर तीन तास बसून आली. घरी काय सांगू? पक्कं झालं होतं ना आमचं. मले खड्ड्यात पाय टाकाची लाज नव्हती मॅडम, मले तिले सांगाची लाज होती. तं मी खोटंच सांगतलं, सुट्ट्या लागल्या. म्हनलं आत्या, तुम्ही उतरा, सुट्टीभर मी विनतो.

चार दिवस विनलं. प्राचीचे फोन येत, मी उचलो नाई. पाचव्या दिवशी बुढीनं विनलेल्या कापडावरून हात फिरवला. तिचे डोळे अधू हायत पन बोटं नाई. म्हनते, मंदा, हे कापड सुट्टीतल्या बाईचं नाई. मी म्हनलं काऊन? म्हनते, इथं ठोका घट्ट, इथं ढिल्ला, इथं पुन्हा घट्ट. काय झालं? मी म्हनलं काही नाई आत्या, सवय गेली. पन ते तिथून हाललीच नाई.

अन् रविवारी दुपारी दारात प्राची हजर! दोन बसा बदलून आली पोट्टी. आमी सप्पे जेवाले बसलो होतो, अन् हे दारातूनच ओरडते, काकू, एका विषयासाठी कोनी कॉलेज सोडते का हो? एटीकेटी भेटली ना तुमाले! विषय पुन्हा देता येते, साल जात नाई! भाताचा घास माह्या हातातच. घरच्याइनं बुढीकडं पाहलं, बुढीनं माह्याकडं पाहलं. मले वाटलं, आता धरनी फाटली तं बरं. बुढी म्हनते, म्हंजे नापास झाली? मी मान हालवली. कवा? म्हनलं, आठ दिवस झाले. तं बुढीचा आवाज असा चढला ना, का बाजूचे लोक भायेर आले. म्हनते, नापास झाली त्याचं मले काही नाई! मी काय एका सालात तुले तहसीलदार कराले बसली होती का? पन खोटं बोलून मले माह्याच मागावरून उतरवलं तुनं! माही पाठ दुखते ते मी तुह्यासाठी दुखवून घेतो, अन् तू मलेच नाई सांगत? कोनाले सांगनार मंग, गावाले? मी रडाले लागली, प्राचीबी रडाले लागली, तिले सवयच होती. घरचे उठून तिले ताट वाढाले गेले.

जेवन झालं, मंग बुढी म्हनते, आता बोल, त्या पेपरात झालं काय. मी सांगतलं, चौथं वैशिष्ट्य, तुटली तार, सप्पा. तं बुढी हसाले लागली! ठसका लागेपर्यंत हसली. मले हाताले धरून मागाजवळ नेलं, म्हनते, हे काय हाय? काठाच्या कडेले लाल दोऱ्याची गाठ होती. अवो मॅडम, आमच्या कामात होते ना तसं, काठाची एखादी तार तुटते अन् नेमका त्या रंगाचा दोरा घरात नसते, रंगवून येईपर्यंत थांबलं तं माग आठ दिवस बंद. तवा काय करतो आमी? कडेले लाल दोऱ्याची गाठ बांधून खून करून ठेवतो, विसरू नाई म्हनून, अन् पुढं विनतो. साडी मागावरून उतरली का मंग सुईनं ते एक तार भरतो. मी स्वता शंभरदा केलं असन हे! बुढी म्हनते, दोरा हातात असला तं थांब, जोड. नाई असला तं खून कर अन् पुढं जा. एका तारीसाठी सप्पी साडी अडवून ठेवते का कोनी, येडे? काखेत कळसा अन् गावाले वळसा, दुसरं काय. पन मॅडम, पेपरात अन् मागात एकच अक्कल लागते हे मले कोनी सांगतलंच नव्हतं.

मंग बुढीनं सांगतलं, साल संपाचं हाय अजून. पुढच्या परीक्षेत नव्या पेपरासंगं हाही काढजो, मंगच पास म्हनन. तं दर रविवारी प्राची जुने पेपर घेऊन येत जाय, मी ओसरीत लिहाले बसो, अन् बुढी बाजूले गजराचं घड्याळ घेऊन. तिले प्रश्न वाचता येत नाई, उत्तर समजत नाई, पन काटा समजते. चाळीस मिनटं झाले का ओरडे, सोड! पुढं जा! मी म्हनो आत्या, दोन ओळी राहिल्या. ते म्हने, खून कर अन् पुढं जा! गल्लीतले लोक विचारत, काय चालू हाय हो, भांडन हाय का? घरचे म्हनत, नाई, बी.ए. चालू हाय.

परीक्षेत पुन्हा तेच झालं, तिसऱ्या प्रश्नात एक नाव सुटलं अन् हात थांबला. पन कानात आमच्या बुढीचा असा आवाज आला ना, सोड! मी अर्धं पान कोरं ठेवलं, पेन्सिलनं कडेले फुली मारली, अन् पुढं गेली. चारही प्रश्न झाले, वीस मिनटं उरले, तं ते सुटलेलं नाव आपल्या पायानं चालत आलं. भरून टाकलं. भायेर आली तं प्राचीले असं कवळ्यात धरलं का तिचा चष्मा वाकडा झाला. दोघी कारध्याले गेलो, नदीच्या काठावर बसून समोसे खाल्ले, मी तीन खाल्ले.

निकाल लागला तसा मी गेटावरूनच घरच्याइले फोन लावला, म्हनलं बुढीले द्या. म्हनलं आत्या, सप्पे विषय निघाले. तिकडून नुसता धोट्याचा आवाज. मंग म्हनते, पाठीत आनखी एक सालाचा दम हाय वाटते. अन् असं एक एक साल करत बाईनं तीन साल काढले. त्या तीन सालात ते दोनदा आजारी पडली, घरच्याइनं सकाळचा सैपाक शिकला, अन् त्याच्यानंतर मी एकबी विषय पुन्हा नाई दिला. आता नागपूरच्या युनिवर्सिटीत एम.ए.ले माहा नंबर लागला, समाजशास्त्रच घेतलं, त्याच्याशी माहा हिशोब बाकी हाय ना! सोमवारपासून जातो. वरठीवरून रेल्वे, पासही काढला, नवी बॅग घेतली, चेन तीनदा उघडून पाहली. खरं सांगू, भेवबी वाटते. प्राची बी.एड.ले गेली, आता माह्या बाजूले कोन बसन मालूम नाई. तिथं किती मोठ्या बिल्डिंगा हायत म्हनतात, तिथंबी मी झाडाखाली बसन का काय! बुढी आता उतरली मागावरून, मीच म्हनलं बस झालं. आता चार दिवस कॉलेज, तीन दिवस माग असं ठरवलं, अन् एका व्यापाऱ्यानं म्हनलं आता साड्या कमी काऊन, तं मी म्हनलं विननारी बाई अभ्यासाले चालली.

तं पोट्टेहो, मी तुमच्यासारखीच नवी हाय, एवढं ध्यानात ठेवजा. इंग्रजी येत नाई म्हनून मांगच्या बाकावर लपू नोका. एकटे जेवू नोका, डबा उघडला का मानूस जवळ येते. पेपर पहिले पूरा वाचा अन् जे येते ते लिहून टाका, जे अडलं त्याले खून करा. अन् नापास झाले, होतात मानसं नापास, तं त्याच दिवशी घरी सांगा. मी आठ दिवस लपवलं, अन् त्या आठ दिवसासारखे वाईट दिवस मले आयुष्यात नाई आले.

काल बुढीच्या पाया पडली. म्हनलं आत्या, सोमवारपासून नागपूर, आशीर्वाद द्या. दुसऱ्याइच्या सासवा म्हनतात पहिली ये, नाव काढ. आमची बुढी माह्या डोक्यावर हात ठेवून म्हनते, नापास झाली तं पहिले मले सांगजो. बस, एवढंच. मी उभ्या जागी रडली मॅडम, आताबी पाहा, डोळ्याले पानी आलं. नव्या पोट्ट्या-पोट्टीले माहा हाच आशीर्वाद द्या, का तुमच्या घरी असं म्हननारं एक तरी मानूस असो. अन् नसन कोनी, तं आंधळगावले या, कोष्टीपुऱ्यात कोनालेबी विचारा, आमची बुढी दुपारभर ओसरीतच बसून राहते.